कूमच्या गाडीचं उजवं चाक

दोष तुमचा आहे. इकडेतिकडे बघू नका, तुम्हालाच म्हणतोय. वाहनांच्या वार्षिक तपासणीचा तो चार पानी तक्ता ज्यांनी कुणी तयार केला, त्यांना. नाव मला ठाऊक नाही, कारण तक्त्याच्या तळाशी नावाच्या जागी एक वेटोळं आहे. ती सही आहे की पेन चालतं का ते कुणी बघितलंय, हे मला आजवर कळलेलं नाही. पण तुम्ही माणूस असाल आणि तुम्हाला दोन कान असतील, असं मी धरून चालतो. त्या कानांचं तुम्ही काय करता हे विचारण्याआधी काय झालं ते ऐका. ऐकायची सवय नसेल तर निदान वाचा.

बुधवारी मी गाडी वाल्येवोच्या तपासणी केंद्रावर नेली. गाडी अठरा वर्षांची. रंग विकणाऱ्याच्या भाषेत शॅम्पेन, माझ्या बायकोच्या, ल्युबिंकाच्या, भाषेत नासलेल्या कॉफीचा. केंद्रावरच्या पेरिशाने पुढची चाकं फिरत्या रुळांवर चढवली, ब्रेक दाबायला लावला आणि पडद्याकडे बघत जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं.

“उजवा ब्रेक डाव्यापेक्षा चौतीस टक्के कमी.”

“म्हणजे?”

“म्हणजे काका, ब्रेक दाबलात की तुमची गाडी थांबण्याआधी डावीकडच्या कुणाच्या तरी अंगणात डोकावून येईल. नापास.”

मी शाळेत कधी नापास झालो नाही. भूमापन कार्यालयात सत्तावीस वर्षं कारकुनी केली, एका नकाशात वीतभर चूक नाही. आणि त्या पोरसवदा माणसाने रांगेतल्या अकरा लोकांसमोर मला नापास केलं. पण ते सोडा. खरी पंचाईत वेगळीच होती. गाडीची नोंदणी शुक्रवारी संपत होती आणि शनिवारी ग्वोझ्देनच्या मुलाचं, रेल्याचं, लग्न होतं. त्या लग्नात मी कूम.

कूम म्हणजे साक्षीदार नव्हे. साक्षीदार कोर्टात असतो आणि वकील त्याचा पाणउतारा करतात. कूम चर्चमध्ये नवरानवरीच्या मागे मेणबत्ती धरून उभा राहतो, पुढे त्यांच्या पोरांची नावं ठेवतो, आणि मरेपर्यंत त्या घरात पहिला पेला त्याच्यापुढे येतो. माझ्या आजोबांनी ग्वोझ्देनच्या आजोबांसाठी मेणबत्ती धरली, माझ्या बापाने त्याच्या बापासाठी, मी ग्वोझ्देनसाठी. सख्खे भाऊ विहिरीवरून भांडतात, कुंपणं हलवतात, ते मी कचेरीत रोज बघतो. पण कूमपण कुणी कधी वाटून घेतलेलं बघितलं नाही. आणि ग्वोझ्देनच्या घरची रीत अशी, की नवरी चर्चला कूमच्या गाडीतून जाते. भाड्याच्या नाही, मागून आणलेल्या नाही. कूमच्या स्वतःच्या. तेव्हा शनिवारी ती नासकी कॉफी रस्त्यावर धावणं हा माझा एकट्याचा प्रश्न नव्हता. पाठीमागे तीन पिढ्या उभ्या होत्या आणि तिघांनाही मिशा होत्या.

आमचा नेहमीचा मेकॅनिक समुद्रावर गेला होता. त्याच्या दारावर चिठ्ठी होती: ‘समुद्रावर आहे. तातडीचं काम असेल तर तिकडेच या.’ पण खरं सांगायचं तर तो असता तरी मी गेलो नसतो. आमच्या इमारतीत ब्रेक दुसऱ्याकडून बदलून घेणारा पुरुष म्हणजे अंडं तळून आणायला खानावळीत जाणारा पुरुष. उरलेलं आयुष्य जिन्यात मान खाली घालून चढावं लागतं.

म्हणून गुरुवारी दोन नव्या डिस्क आणि पॅड आणले, शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळी आठला इमारतीच्या अंगणात गाडीला जॅक लावला.

शुक्रवारी. इथेच पहिली माती खाल्ली. कारण तो शुक्रवार म्हणजे संत इलियाचा दिवस, कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेला. इलिया हा गडगडाटाचा संत. त्याच्या दिवशी कुणी कामाला हात लावला तर तो वीज टाकतो, आणि नेम चुकत नाही असा त्याचा लौकिक आहे.

डावं चाक काढलं. पॅड धरणारा कॅलिपर सोडवला, डिस्कला हात लावला, ती आज्ञाधारकपणे हातात आली. अर्ध्या तासात नवी बसली. मला वाटलं, मेकॅनिक लोक उगाच तोंड वाकडं करून पैसे घेतात. मग उजवीकडे आलो. उजवी डिस्क गंजून हबला, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या तुंब्याला, अशी चिकटली होती की एकाच धातूची वाटावी. ओढली. हलवली. पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं.

एव्हाना ओब्रेन खाली आला होता. ओब्रेन तिसऱ्या मजल्यावरचा, निवृत्त सार्जंट, आयुष्य रणगाडे दुरुस्त करण्यात गेलेलं. एका हातात राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली, दुसऱ्या हातात हातोडा. हातोड्याचं डोकं माझ्या डोक्यापेक्षा फार लहान नव्हतं.

“हो बाजूला, कारकुना. हे शिक्का मारायचं काम नाही.”

पाठोपाठ विदोये आला. हा एकतीस वर्षं ऑस्ट्रियात, ग्राट्सच्या बस डेपोत नोकरीला होता. तिथे नेमकं काय करायचा ते त्याने कधी सांगितलं नाही, म्हणून तो बसेस धूत असणार असं आम्ही सर्वानुमते ठरवून टाकलं होतं. त्याची लांब काळी गाडी बघूनही तेच वाटे. रोज धुतलेली असायची.

विदोयेने डिस्ककडे वाकून बघितलं. “ठोकू नका. ही दोन रिकामी भोकं दिसतात ना, आटे पाडलेली? यात दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने पिळा. थोडा हा, थोडा तो. डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. ग्राट्समध्ये—”

“झालं सुरू ग्राट्स!” ओब्रेन म्हणाला. “ग्राट्समध्ये गंजही रांगेत उभा राहून निघतो.”

“अरे, मागे बेअरिंग आहे. त्यात पोलादी गोळ्या आहेत, आरशासारख्या गुळगुळीत वाटेवर फिरणाऱ्या. तू ठोका डिस्कला मारशील, पण वळ उठेल तो त्या वाटेवर. बाहेरून काही दिसणार नाही.”

“दिसत नाही ते बिघडत नाही,” ओब्रेन म्हणाला. सैन्याने इतकी वर्षं या तत्त्वावर काढली असावीत. “आणि तसले बोल्ट आहेत कुणाकडे?”

“माझ्या तळघरात असतील. शोधावे लागतील. अर्धा तास.”

अर्धा तास! केंद्र तीनला बंद होणार होतं आणि घड्याळात साडेनऊ वाजले होते. माझ्याकडे पाच तास होते, आणि मी अर्धा तास वाचवला. हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहितोय, म्हणजे तुम्हाला कळेल की मी काही लपवत नाही.

ओब्रेनने हातोडा उचलला, तोच तळमजल्याची खिडकी उघडली. स्तामेना आजी. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं कोर्टात टंकलेखिका.

“ओब्रेन! आज लोखंडावर घाव घालशील तर इलिया या अख्ख्या इमारतीवर वीज पाडेल. माझ्या खिडकीला नवी काच बसवलीय!”

“आजी, नोंदणी आज संपतेय. उद्या याला कूम म्हणून जायचंय.”

“मग काल ठोकायचं होतं. आज लोखंडाला लोखंड लागता कामा नये. घाव नको, आवाज नको.”

साहेब, नीट वाचा. त्या अंगणात त्या दिवशी जेवढे सल्ले दिले गेले त्यात यंत्रशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष असे दोनच होते. एक विदोयेचा आणि दुसरा या म्हातारीचा. मी पहिला ऐकला नाही कारण तो ग्राट्सहून आला होता, आणि दुसरा ऐकला नाही कारण तो आकाशातून आला होता.

ओब्रेन मात्र हार मानणारा नव्हता. “आजी, कायद्याने बोलू. लोखंडाला लोखंड नको, बरोबर? हातोड्याला टॉवेल गुंडाळला, तर लोखंडाला कापड लागेल. ते कुठे लिहिलंय?”

स्तामेना आजी विचारात पडली. चाळीस वर्षांची कोर्टाची हवा अशी जात नाही. तिने भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर काढून चष्म्याजवळ नेलं, उलटून मागची बाजूही बघितली.

“कापडाबद्दल काही नाही,” ती म्हणाली. “पण आवाज आला तर थांबायचं.”

ल्युबिंकाचा जाड टॉवेल आला. हातोडा बाळासारखा गुंडाळला गेला. आणि आता बघा हं, कापडाने काय केलं. उघडा हातोडा मारला की आवाज होतो, माणूस दचकतो, पुढचा घाव आपोआप जरा हलका पडतो. इथे आवाजच नाही. धप्प. ओब्रेनला वाटलं, लागतच नाहीये. त्याने आणखी जोर लावला. धप्प. “रणगाड्याला असंच करावं लागतं,” तो म्हणाला आणि पाय फाकून उभा राहिला. प्रत्येक धप्पागणिक स्तामेना आजी आकाशाकडे बघायची, आकाश निरभ्र दिसलं की मान हलवून परवानगी द्यायची. एकवीस घाव. मी मोजले नाहीत, विदोयेने मोजले. तो बाजूला हाताची घडी घालून उभा होता आणि दर घावाला असा डोळे मिटायचा जसं काही त्याच्याच दाढेवर बसतोय.

बाविसाव्या घावाला डिस्क निघाली. अंगणात टाळ्या पडल्या. राकिया फिरली. विदोयेने घेतली नाही.

“हब हाताने फिरवून बघ,” तो मला हळूच म्हणाला.

मी फिरवलं. बोटांना जरा खरखर लागली, जशी पिठात वाळू असावी. पण इतके लोक टाळ्या वाजवत असताना वाळूबद्दल कोण बोलणार?

केंद्राकडे निघालो. चाळीसपर्यंत सगळं ठीक. चाळीसच्या पुढे गाडीने सूर लावला. आधी ‘हूं’. पन्नासला ‘हूंऽऽ’. साठला तर खाली बसून रडणारा कुत्रा आणि वर उडणारं विमान यांच्यामधला काहीतरी प्रकार. शेजारी बसलेल्या ल्युबिंकाने आधी रेडिओ बंद केला, मग खिडकी बंद केली, मग माझ्याकडे बघितलं.

“नव्या डिस्क आहेत,” मी म्हणालो. “बसताहेत.”

“डिस्क बसताहेत की कुणी गळा काढून बसलंय?”

पेरिशाने गाडी रुळांवर घेतली. साहेब, तुमचे रूळ चाक किती वेगाने फिरवतात ठाऊक आहे? रांगणारं मूल पुढे जाईल इतक्या. पडदा हिरवा झाला. डावा उजवा सारखे.

“उत्तम!” पेरिशा म्हणाला. “मास्तर, हात चांगला आहे तुमचा.”

काका म्हणणारा मास्तर म्हणायला लागला की माणूस विरघळतो. तरी मी, सत्तावीस वर्षं नियमाने वागलेला माणूस, स्वतःहून म्हणालो, “पेरिशा, चाळीसच्या पुढे आवाज येतोय. उजव्या चाकातून.”

त्याने चाक धरून हलवलं. “खेळ नाही. घट्ट आहे.”

“पण आवाज?”

त्याने तुमचा चार पानी तक्ता माझ्यासमोर धरला. दिवे, काच, वायपर, पट्टे, अगदी सामानाच्या कप्प्यातला प्रथमोपचाराचा डबाही होता. “दाखवा,” तो म्हणाला, “आवाज कुठे लिहू? धुराच्या नळीचा आवाज आहे, तो तुमचा ठीक आहे. चाकाच्या आवाजाला जागाच नाही. जागा नाही म्हणजे दोष नाही.” आणि शिक्का मारला. माझ्या आयुष्यात इतका स्वच्छ उमटलेला शिक्का मी बघितलेला नाही, आणि मी शिक्क्यांतच जगतो.

शनिवार. गाडीच्या आरशांना भरतकामाचे टॉवेल बांधले, पुढे फुलं लावली. नवरीचं गाव सव्वीस किलोमीटरवर. जाताना मी पस्तीसच्या वर गेलो नाही. मागून ग्वोझ्देन फोनवर ओरडत होता, “अरे कूम, लग्नाला चाललोय की रोपं लावायला?” नवरीच्या घरी रीतीप्रमाणे उंच टांगलेल्या सफरचंदाला गोळी घालून झाली, नाचून झालं, आणि नवरी दुन्या, पांढरा झगा सांभाळत, माझ्या मागच्या सीटवर बसली. तिच्याजवळ ल्युबिंका. परतीची वरात निघाली. एकोणतीस गाड्या, पहिलीत झेंडा, दुसऱ्या गाडीत मी, आणि सगळ्यांचे हॉर्न एकसारखे चालू. मागच्या टेम्पोत तुताऱ्यांचा बँड. त्या गदारोळात माझ्या चाकाने काय वाटेल ते गायलं असतं तरी कुणाला ऐकू आलं नसतं. पहिल्यांदाच मी मोकळा श्वास घेतला. वाटलं, सुटलो.

एव्हाना चाकाला वेगाची गरज उरली नव्हती. ते वीसलाही हुंदके द्यायला लागलं होतं.

शहराच्या तोंडाशी, नदीच्या पुलावर, समोरून एक अंत्ययात्रा आली.

आमच्याकडे वरातीला प्रेतयात्रा भेटली की हॉर्न बंद करायचे, बँड थांबवायचा, हळूहळू बाजूने जायचं. एकोणतीस गाड्यांचे हॉर्न एकदम थांबले. तुताऱ्या खाली गेल्या. अशी शांतता की नदी ऐकू यावी. आणि त्या शांततेत माझी गाडी, पुढे फुलं, मागे नवरी, शवपेटीच्या बाजूने विव्हळत निघाली. हूंऽऽ. हूंऽऽऽ. काळ्या रुमालातल्या बायका थबकल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि मला मान लववली. त्यातली एक, विधवा असावी, शेजारच्या बाईला म्हणाली, आणि मी स्पष्ट ऐकलं, “सख्ख्या पुतण्यांना एवढं रडू आलं नाही बघ.”

ग्वोझ्देनची बायको रादोयका मागच्या गाडीतून खाली उतरली होती. चेहरा पांढरा.

“नवरी बसलीय त्या गाडीत! आणि गाडी रडतेय! प्रेतासमोर!”

“बेअरिंग आहे ते, वहिनी,” मी म्हणालो.

“मला काय कळतंय बेअरिंग! उतरवा तिला!”

तेवढ्यात चाकाने स्वतःच निकाल लावला. कडकड आवाज झाला, चाकाजवळून धूर निघाला आणि गाडी पुलाच्या मध्यावर अडली. मागे सत्तावीस गाड्या. त्यातली पहिली रादोयकाची, तिच्यामागे ती लांब काळी धुतलेली. विदोये लग्नाला आला होता, शेजारी म्हणून.

“कूम, तू मागून ये,” ग्वोझ्देन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “चर्च दीड किलोमीटर. थांबतो आम्ही.” दुन्या, ल्युबिंका आणि झग्याचा शेपटा विदोयेच्या गाडीत गेला. एकेक गाडी माझ्या बाजूने अंग चोरून पुढे निघाली. प्रत्येकाने काच खाली करून काहीतरी सांगितलं. ओब्रेन म्हणाला, “ठोकून बघ.”

मी निघणार, तोच वाहतूक पोलीस आला.

“पूल अडवलाय तुम्ही. गाडी काढा.”

“चालत नाही हो. बेअरिंग गेलंय.”

“कागद.” त्याने बघितले. शिक्क्यावर बोट फिरवलं. “कालच तपासणी झालीय. उत्तम लिहिलंय. गाडी चांगली आहे. चालवा.”

“साहेब, धूर बघा ना!”

“धुराच्या तपासणीतही पास आहे.”

“माझी नवरी चर्चला गेलीय!”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, माझं वय जोखलं. “असं करतात काका. पण त्यासाठी पूल अडवायचा नसतो.”

गाडी ओढून नेणारा ट्रक यायला चाळीस मिनिटं लागली. तोपर्यंत त्याने मला हलू दिलं नाही. चांगली गाडी रस्त्यात सोडून जाणं हा गुन्हा आहे म्हणे. मग मी पळालो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, नवा सूट, ऑगस्टची दुपार, अडलेल्या चाकाशी झटून कोपरापर्यंत ग्रीस. चर्चसाठी आवाज बंद करून ठेवलेला फोन गाडीतच राहिला.

चर्चचं दार उघडं होतं. आत पाद्री गात होता. नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट होते, म्हणजे विधी अर्ध्यावर आला होता. आणि त्यांच्यामागे, माझ्या जागेवर, माझ्या आजोबांच्या, बापाच्या जागेवर, मेणबत्ती धरून विदोये उभा होता.

ल्युबिंकाने मला दाराशीच धरलं. “पाद्री म्हणाला एक वाजता दुसरं लग्न आहे, थांबता येत नाही. कुणीतरी मेणबत्ती धरा. सगळे एकमेकांकडे बघत होते. विदोयेनेच नवरीला आणलं होतं, तोच जवळ उभा होता. नको नको म्हणत होता बिचारा.”

“मग तू काय केलंस?”

“तुला फोन लावत होते. सतरा वेळा.”

संध्याकाळी जेवणात पहिला पेला विदोयेपुढे गेला. “आमचा कूम!” ग्वोझ्देन उभा राहून म्हणाला, आणि सवयीने त्याची नजर माझ्याकडे वळली, मग कावराबावरा होऊन तो ताटातल्या भाजलेल्या कोकराकडे बघू लागला. मला बँडवाल्यांच्या टेबलावर बसवलं होतं. माणसं चांगली होती. एकाने विचारलं, “तुम्ही कुणाकडून?” मी तोंडात सार्मा, कोबीच्या पानातली खिम्याची गुंडाळी, भरून घेतली.

सोमवारी सकाळी विदोये माझ्याकडे आला. म्हणाला, “तिहोमिर, बेअरिंग मी बदलतो.” त्याने पुलरने हब ओढून काढला, एक घाव न घालता. जुनं बेअरिंग उघडून मला दाखवलं. त्या आरशासारख्या वाटेवर छोटे छोटे खळगे, ओळीने, अगदी सारख्या अंतरावर.

“प्रत्येक गोळीचा एक,” तो म्हणाला. मग हात पुसत, “ग्राट्समध्ये मी ब्रेक विभागात होतो. मुख्य होतो. तुम्ही कधी विचारलंच नाही.”

ओब्रेन अजून हातोडा बाळगून आहे. स्तामेना आजीच्या खिडकीची काच शाबूत आहे, आणि ती सगळ्यांना सांगते की इलियाने घाव बरोबर ऐकले, फक्त वीज कुठे टाकायची ते त्याने स्वतः ठरवलं. मी ठोकू दिलं, हे मला मान्य. बोल्ट शोधायला अर्धा तास दिला नाही, मान्य. पण शुक्रवारी दुपारी मी तुमच्या माणसासमोर उभा राहून, कुणी न विचारता, चाक ओरडतंय असं सांगितलं होतं. तुम्ही ‘नापास’ लिहिलं असतंत तर मी शनिवारी नवरीच्या शेजारी विदोयेच्या गाडीत बसून गेलो असतो. लाज वाटली असती, पण मेणबत्ती माझ्या हातात असती.

रेल्या आणि दुन्याला मूल होईल. त्याचं नाव ठेवायचा मान विदोयेचा. त्याच्या पोरांसाठी विदोयेची पोरं मेणबत्ती धरतील. काल रस्त्यात ग्वोझ्देन भेटला. पंचेचाळीस वर्षं तो मला लांबूनच ‘कूम!’ अशी हाक मारायचा. काल तो तोंड उघडून उभा राहिला, बरंच शोधलं त्याने, पण हाक सापडली नाही. शेवटी “अहो…” म्हणाला आणि हवेबद्दल बोलला.

तेव्हा साहेब, तुमच्या वेटोळ्याखाली, वाचता येईल अशा अक्षरात, मला लेखी कळवा. मी ग्वोझ्देनचा आता कोण लागतो? तीस दिवसांची मुदत देतोय. उत्तर द्या.